वर्गणी, बहिष्कार आणि कलम २५: गावात श्रद्धेचं स्वातंत्र्य कसं चालतं

कार्तिकात काकडा संपत आला की गावात काल्याची तयारी सुरू होते. मंदिराच्या सभामंडपात कमिटी बसते. कीर्तनकाराची बिदागी, मंडप, साउंड, महाप्रसादाचं वरण-भात-बुंदी असा खर्च मांडला जातो आणि वर्गणी ठरते. समजा, घरामागे ५०० रुपये आणि वावर असेल तर एकरामागे आणखी १००. बहुतेक घरं आनंदानं देतात, वरून पायलीभर गहूही देतात. एखादं घर मात्र देत नाही. तिथला माणूस बौद्ध असेल, चर्चला जायला लागलेला असेल, देवच मानत नसेल. पक्का माळकरी असूनही त्याला डीजेचा खर्च पटत नसेल. किंवा यंदाचं सोयाबीन पाण्यात गेलं, एवढंच असेल.

पुढचं कागदावर कुठंच येत नाही. ‘काहून गा, वर्गणी नाही देली?’ इथून सुरू होतं आणि पारावर ठरतं की त्याच्या घरी कोणी जायचं-यायचं नाही, बोलेल त्याला दंड. दुसऱ्या दिवशी त्या घरची बाई ज्वारीचा डबा घेऊन चक्कीवर जाते. ‘पट्टा तुटला, वहिनी.’ ती डबा उचलून परत फिरते, गल्लीच्या वळणावर पोचते, तर मागं चक्कीची घरघर सुरू झालेली. वेचणीच्या बाया ‘उद्या येतो’ म्हणतात आणि शेजारच्या वावरात शिरतात. फुटलेला कापूस झाडाला लोंबत राहतो. त्यावर एक पाऊस झाला की तो बोंडातच पिवळा पडतो आणि व्यापारी भाव पाडतो.

याला वाळीत टाकणं म्हणतात. महाराष्ट्रात हा गुन्हा आहे. पण गुन्हा आहे हे माहीत असूनही तक्रारी पडतात, त्या बहुतेक तीन-चार ठरावीक चुकांमुळे. तिकडे वळण्याआधी हा हक्क मुळात कोणाचा, ते पाहू.

हक्क माणसाचा

राज्यघटनेच्या कलम २५ नं धर्मस्वातंत्र्य ‘सर्व व्यक्तींना’ सारखं दिलेलं आहे. गावाला, भावकीला किंवा घरातल्या कर्त्या माणसाला ते दिलेलं नाही. त्या घरातल्या सुनेलाही ते सासऱ्याइतकंच आहे, हे पुष्कळदा विसरलं जातं. या कलमात धर्म पाळण्याच्या आणि त्याचा प्रसार करण्याच्याही आधी ‘सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य’ येतं. शब्द जड आहे. अर्थ असा की काय बरोबर आणि काय चूक, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. त्यामुळे देव मानणं जसं यात येतं, तसं न मानणंही येतं, आणि मानूनही एखाद्या कार्यक्रमात भाग न घेणंही येतं.

न्यायालय याकडे कसं पाहतं, हे केरळातल्या एका प्रकरणावरून समजतं. यहोवाचे साक्षीदार या पंथातली तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला सगळ्यांसोबत ताठ उभी राहत, पण गात नसत, कारण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे गाणं फक्त देवासाठी. १९८५ साली शाळेनं त्यांना काढून टाकलं. ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयानं मुलांना परत घ्यायला सांगितलं. मुलांची श्रद्धा तर्काला पटते का, हे न्यायालयानं तपासलं नाही. ती खरी आणि मनापासूनची आहे का आणि मुलांनी कोणाचा अनादर केला का, एवढंच पाहिलं. गावातही हेच लागू पडतं. मिरवणूक दारावरून जाताना बाजूला उभं राहणं हा आदर झाला. आरती धरायलाच पाहिजे ही सक्ती झाली.

या स्वातंत्र्याला मर्यादा आहेत: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, हा नियम मंदिर, मशीद, विहार सगळ्यांना सारखा आहे. त्याला सूट मिळते ती राज्य सरकारनं ठरवलेल्या सणांपुरती, रात्री १२ पर्यंत आणि वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस.

आता गाठ येते ती समूहाच्या हक्काची. कलम २६ नं धार्मिक पंथांना आपला धार्मिक कारभार आपण पाहायचा हक्क दिला आहे. मग पंथ आपल्याच माणसाला बाहेर काढू शकतो का? मुंबई राज्यानं १९४९ साली बहिष्कारबंदीचा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा मतांनी तो कायदा रद्द ठरवला. धार्मिक कारणावरून पंथाबाहेर काढणं हा पंथाच्या शिस्तीचा भाग आहे, असं बहुमत पडलं. विरोधात मत दिलं ते खुद्द सरन्यायाधीश सिन्हा यांनी. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानं हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला. म्हणजे गाठ पूर्ण सुटलेली नाही. पण तिचा फायदा गावच्या कमिटीला मिळेल असं समजू नये. ५०० रुपये दिले नाहीत म्हणून कापूस वेचायला माणूस मिळू न देणं हा ‘धार्मिक कारभार’ आहे, हे पटवून देणं कुठल्याही वकिलाला जड जाईल.

समूहाच्या श्रद्धेला कायदा किती मान देतो, याचं उलट बाजूचं उदाहरणही पाहण्यासारखं आहे. ओडिशातला नियमगिरी डोंगर डोंगरिया कोंध आदिवासींचा देव आहे. तिथं बॉक्साइटची खाण हवी की नको, हे ग्रामसभांनी ठरवावं असं सर्वोच्च न्यायालयानं १८ एप्रिल २०१३ ला सांगितलं. बाराही ग्रामसभांनी नकार दिला. गडचिरोलीतल्या पेसा गावांतही, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा कायदा लागू असलेल्या गावांतही, आपल्या रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. हा डोंगर आमचा देव आहे, असं ग्रामसभा कंपनीला आणि सरकारला सांगू शकते. पण गावातल्याच एखाद्यानं वेगळी प्रार्थना धरली म्हणून त्याचं पाणी तोडा, असा ठराव ती करू शकत नाही. परंपरा जपण्याच्या अधिकाराखाली कलम २५ दबत नाही.

वर्गणी म्हणजे कर नव्हे

घरकर आणि पाणीपट्टी हा ग्रामपंचायतीचा कर आहे, तो द्यावाच लागतो. वर्गणी खुशीची. कोणत्याही एका धर्माच्या प्रसारासाठी कर देण्याची सक्ती करता येणार नाही, असं घटनेचं कलम २७ सांगतं. वर्गणी मागायला कोणी आलं तर तीन गोष्टी शांतपणे विचाराव्यात. ट्रस्ट नोंदणीकृत आहे का? नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परवानगी काढली आहे का? आणि छापील, नंबर असलेलं पावतीपुस्तक आहे का? गणपती मंडळांना जी परवानगी लागते ती हीच, आणि नंतर हिशोबही द्यावा लागतो. पुष्कळ गावांत कमिटीलाच हे माहीत नसतं, त्यात लबाडी असतेच असं नाही. विचारल्यावर अर्ध्या कमिट्या वरमतात आणि सक्ती तिथंच संपते.

धमकी देऊन पैसे घेतले तर ती खंडणी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. इथं लोक एक घोळ करतात. भीतीपोटी पैसे देऊन टाकतात, पावती घेत नाहीत आणि मग बोंब मारतात. द्यावेच लागले तर फोनवरून, खात्यात द्या. नोंद राहते.

‘वर्गणी भर, मग रहिवासी दाखला नेशील’ हा प्रकार वेगळा. कोऱ्या कागदावर किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज करून पोच घ्यायची. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते आणि तो तक्ता कार्यालयात लावलेला असायला हवा. मुदत गेली किंवा नकार मिळाला की ३० दिवसांत पहिलं अपील. कसूर ठरली तर त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. तोंडी मागणीला मात्र मुदतही नाही आणि अपीलही नाही. सगळा खेळ पोचपावतीवर आहे.

वाळीत टाकलं तर

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा विधिमंडळानं एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ मध्ये तो राजपत्रात आला. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लादणारा, लादायला लावणारा आणि मदत करणारा, तिघंही यात येतात. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय नोंदवू शकतात. जामीनपात्रही आहे, म्हणून आरोपी दुसऱ्या दिवशी गावात दिसला तर केस संपली असं समजू नका. दोषारोपपत्रापासून ६ महिन्यांत खटला संपवावा, असं कायदा म्हणतो.

लग्न-मयताला अडवणं, मंदिर किंवा समाजमंदिर बंद करणं, व्यवहार तोडायला चिथावणं, पोरांना त्या घरच्या पोरांशी खेळू न देणं, विशिष्ट कपड्यांची सक्ती करणं, हे सगळं यात बसतं. जात पंचायत कुठल्याही नावानं बसो, नोंदणी असो वा नसो, फरक पडत नाही.

या कायद्याची खरी मेख त्यातल्या ‘समाज’ या शब्दाच्या व्याख्येत आहे. हा कायदा एकाच धर्मातल्या, पंथातल्या किंवा जाती-पोटजातीतल्या माणसांनी आपल्यातल्याच माणसावर टाकलेल्या बहिष्काराचा आहे. तेली घराला तेली समाजानं किंवा गावातल्या इतर हिंदूंनी वाळीत टाकलं तर तो लागतो. पण गावातल्या बौद्ध घराला इतरांनी वाळीत टाकलं तर हा कायदा डळमळतो. तिथं अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३(१)(झेडसी) लागतं. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं, किंवा नुसती तशी धमकी देणं, यालाही ६ महिने ते ५ वर्षं शिक्षा. ही तरतूद २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो आणि अटकपूर्व जामीन सहसा मिळत नाही.

धर्म बदललेल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि १९९० पासून बौद्ध असलेल्यांनाच आहे. त्याच जातीचा माणूस ख्रिस्ती झाला तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण अडचणीत येतं. अनुसूचित जमातीला धर्माची अशी अट नाही. गोंड माणूस चर्चला गेला तरी गोंडच राहतो.

आता पुरावा. बहिष्कार हा न बोलण्याचा गुन्हा आहे, आणि न बोलल्याचा पुरावा काय दाखवणार? म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत लिहा: तारीख, वेळ, जागा, कोण, नेमके शब्द, ऐकणारा कोण. ‘चक्कीवाल्यानं दळण दिलं नाही’ असं मोघम लिहू नका. ‘मंगळवारी सकाळी १० वाजता पट्टा तुटला म्हणाला, ५ मिनिटांत चक्की सुरू झाली, तेव्हा अमुक बाई तिथं डबा घेऊन उभी होती’ असं लिहा. दवंडी झाली असेल तर कोतवालानं दिली की दुसऱ्या कोणी, तेही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडला असेल तर स्क्रीनशॉट काढा, पण मूळ मेसेज पुसू नका, फोन फॉरमॅट करू नका, विकू तर मुळीच नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि ते मूळ उपकरणाशी जोडलेलं असतं.

अर्ज एका पानात मावला पाहिजे. मजकूर साधारण असा:

‘मी, ______, रा. मौजा ______, ता. ______. दिनांक ____ रोजी सायंकाळी ७ वाजता हनुमान मंदिराच्या पारावर झालेल्या बैठकीत (१) ______ (२) ______ यांनी माझ्या कुटुंबाशी कोणी व्यवहार करू नये व करणाऱ्यास ५,००० रुपये दंड होईल असे जाहीर केले. हे ______ यांनी ऐकले. त्यानंतर दिनांक ____ पासून दळण, मजूर व किराणा बंद आहे. तपशील सोबत जोडला आहे. गुन्हा नोंदवून एफआयआरची प्रत मिळावी.’

दोन प्रती काढा. एकीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय उठू नका. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे. ‘आधी चौकशी करू’ असं म्हणाले तर विचारा, कोणाच्या परवानगीनं? ३ वर्षं किंवा जास्त पण ७ वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात प्राथमिक चौकशी करता येते, पण उपअधीक्षकाच्या परवानगीनं आणि १४ दिवसांत. नोंदवूनच घेत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी आहेत. या कायद्यात पीडित माणूस किंवा त्याच्या घरचं कोणीही थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडेही जाऊ शकतं. बैठक अजून व्हायची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. अशी बैठक ते आदेश काढून रोखू शकतात, आणि घाव बसण्याआधीचा हाच एक उपाय आहे.

तक्रार पडते ती कुठं? सगळ्यात जास्त ‘संपूर्ण गाव’ आरोपी केल्यानं. संपूर्ण गावाला अटक होत नसते. पुढं होऊन बोलणारे चार-पाच जण असतात, त्यांचीच नावं द्या. दुसरं, धुऱ्याचं जुनं भांडण त्याच अर्जात कोंबल्यानं. समोरचा वकील लगेच म्हणणार, हा जमिनीचा वाद आहे साहेब. आणि तिसरं, तंटामुक्त समितीत महिनोन्महिने बसल्यानं. समितीला समेट घडवता येतो, दंड लावता येत नाही आणि गुन्हा दाबता तर येतच नाही. समेट हवाच असेल तर कायद्यातच वाट आहे. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर प्रकरण मिटवता येतं आणि आरोपींना समाजसेवा करायला लावता येते. हे पारावरच्या माफीपेक्षा पक्कं.

बहिष्काराला ‘भानामती’ची जोड लागली तर कायदा बदलतो. २०२१ साली चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात या संशयावरून म्हाताऱ्या माणसांनाही भर चौकात बांधून मारलं गेलं होतं. कोणी करणी करतो असं जाहीर करून त्याचं जगणं मुश्कील करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली अजामीनपात्र गुन्हा आहे, शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं. भजन, कीर्तन, वारी, प्रदक्षिणा यांना हा कायदा हात लावत नाही. तसं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी उलटा प्रचार अजून चालूच असतो.

लग्नाबद्दल थोडक्यात. आंतरधर्मीय जोडप्यासाठी विशेष विवाह कायदा १९५४ आहे. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला असावा, नोटीस ३० दिवस लागते, ३ साक्षीदार लागतात, आणि नोटिशीपासून ३ महिन्यांत लग्न झालं नाही तर नवी नोटीस. आक्षेप फक्त वय, आधीचं लग्न, मानसिक क्षमता आणि जवळचं नातं यांवर घेता येतो. ‘धर्म वेगळा’ हा आक्षेपच नाही. नोटीस फलकावर लागते आणि गावात बातमी फुटते, धोका तिथं असतो. म्हणून पोलीस संरक्षणाचा अर्ज नोटिशीसोबतच द्यावा. जिल्ह्यात विशेष कक्ष हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली सांगितलेलं आहे.

शेजाऱ्यानं काय करायचं

स्वातंत्र्याच्या लढ्यातले उदात्त आदर्श जपणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे, असं घटनेचं कलम ५१ क सांगतं. ते मोडलं म्हणून कोणाला शिक्षा होत नाही. विदर्भाला हे आदर्श शोधायला लांब जावं लागत नाही. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. त्या दिवशी चिमूर आणि आष्टी पेटून उठले. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांचं त्यामागचं बळ इंग्रजांनी ओळखलं होतं. २८ ऑगस्टला चंद्रपुरात त्यांना पकडलं, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं आणि २ डिसेंबरला सोडलं. श्रद्धा माणसाला वाकवते असं म्हणणाऱ्यांनी हा महिना जरूर वाचावा. डॉ. आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली. मध्ये २१ वर्षं गेली. दोन दिवसांनी चंद्रपुरातही दीक्षा झाली. समोर लाखोंचा समुदाय होता, पण प्रतिज्ञा प्रत्येकानं ‘मी’ म्हणूनच घेतल्या.

चक्कीवाल्यापुढं प्रश्न छोटा असतो: दळण द्यायचं की नाही. तो दुष्ट असतो असं नाही, ५,००० च्या दंडाला घाबरलेला असतो. तो बेकायदा दंड भरायची त्याच्यावर कसलीही सक्ती नाही, आणि तशी धमकी मिळाली तर त्याला स्वतःच्या नावानं तक्रार करता येते, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. एका चक्कीनं दळण दिलं आणि वेचणीच्या चार बाया वावरात गेल्या की बहिष्कार आठवडाभरही टिकत नाही. तो टिकतो तो सगळ्यांनी पाळला तरच.

साक्ष द्यायला लोक सगळ्यात जास्त भितात ते सहीला. ‘मी सांगतो, पण सही नाही करत, बाप्पा.’ त्यांना हे सांगा: तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घेतच नाहीत, कायद्यानं ती घ्यायची नसते. जबाब वाचून दाखवायला सांगा, चुकलं असेल तर तिथंच दुरुस्त करून घ्या. साक्षीदार नंतर दबावाखाली फिरेल अशी भीती असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यासमोर, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली, त्याचा जबाब नोंदवण्याची विनंती तपास अधिकाऱ्याकडे लेखी करा. आणि त्याही अर्जाची पोच घ्या.